वळूची निवड आणि गोचिडांची मोजणी

गाईगुरांच्या जनुक-चाचणीविषयी आपल्या गावोगावी सध्या मोठे कुतूहल उत्पन्न झालेले आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने तयार केलेली 'इंडिगौ' ही देशी गोवंशासाठीची पहिली चिप ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाली. आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच राज्यातील वाशिम येथे देशी गाईंसाठीच्या 'गौचिप'चे लोकार्पण झाले. तेव्हापासून पशुपालकांच्या मेळाव्यांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो. जनावराच्या रक्ताच्या एका थेंबावरून त्याचे गुणावगुण कळणार असतील, तर गोचीड न लागणारी गाय आम्हांस केव्हा मिळणार?

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर जितके प्रयोगशाळेत आहे, त्याहून अधिक आपल्या गोठ्यात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते मत गावपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी बांधव यांच्यापुढे मांडण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

प्रथम एका गैरसमजाचे निराकरण करणे अगत्याचे आहे. चिप म्हटले की जनावराच्या कातडीखाली काही बसवावयाचे आहे, अशी पुष्कळांची समजूत होते. तसे काही नाही. ही चिप प्रयोगशाळेतच राहते. जनावराचे रक्त, मुळासकट उपटलेले शेपटीचे केस किंवा वळूचे रेत यांतून आनुवंशिक द्रव्य वेगळे काढतात, आणि त्या द्रव्यात ठराविक हजारो ठिकाणी कोणती अक्षरे आहेत हे चिपच्या साहाय्याने वाचतात. इंडिगौ चिपवर अशी ११,४९६ ठिकाणे आहेत. जनावराला यात इजा नाही आणि त्याच्या अंगात काही शिल्लकही राहत नाही.

आता गोचिडांकडे वळू. गोचीड रक्त पितात, कातडे खराब करतात, दूध घटवितात, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. खरा घात होतो तो त्यांच्या लाळेतून येणाऱ्या रक्तातील परोपजीवींमुळे. हायलोमा जातीचे गोचीड थायलेरियाचा प्रसार करतात. त्यात जनावरास कडक ताप भरतो, खांद्यापुढच्या गाठी सुजतात, रक्त कमी होऊन डोळे पांढरे पडतात आणि वेळीच इलाज न झाल्यास जनावर दगावते. निळसर गोचीड बबेसियाचा प्रसार करतात व जनावराची लघवी कॉफीसारखी तांबडी होते. कर्ज काढून आणलेली संकरित गाय व्याल्यानंतर महिनाभरात थायलेरियाने गेली, म्हणजे त्या कुटुंबाचे कंबरडे मोडते. या रोगावर गुणकारी औषध आहे, पण ते खर्चिक आहे व आजाराच्या आरंभीच द्यावे लागते.

गोचिडांवर औषध फवारले की काम झाले, या समजुतीवर आपण फार काळ विसंबलो. ऑस्ट्रेलियाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. त्या खंडात निळसर गोचीड १८७२ साली डार्विन बंदरात उतरलेल्या जावा बेटाकडील गुरांबरोबर आले, असे मानले जाते. पुढील पंचवीस वर्षांच्या आत ते क्वीन्सलंड प्रांतात पसरले. तेथील पशुपालकांनी सोमलाच्या पाण्याचे हौद बांधून गुरे त्यांत बुचकळण्यास सुरुवात केली. १९३० नंतरच्या दशकात गोचीड सोमलास जुमानेनासे झाले. मग डी. डी. टी. आले, तेही दहा वर्षांच्या आत निष्प्रभ ठरू लागले. पुढे एकामागून एक नवी औषधे आली आणि त्यांतील बहुतेकांची तीच गत झाली. आपल्या देशातही सायपरमेथ्रीन व डेल्टामेथ्रीन यांस दाद न देणारे गोचीड अनेक भागांत आढळले आहेत. औषध पातळ करून मारणे व वर्षानुवर्षे एकच औषध वापरणे यांमुळे ही आपत्ती लवकर ओढवते. औषध सोडून द्यावे असे मी म्हणत नाही. औषधाची कमाई प्रत्येक पिढीतील गोचीड थोडी थोडी खाऊन टाकतात, एवढेच ध्यानात घ्यावे.

ऑस्ट्रेलियन लोकांनी औषधाखेरीज दुसरा जो मार्ग धरला, त्याचा आपल्याशी निकटचा संबंध आहे. १९३३ साली तेथील शासकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने अमेरिकेतून ब्राह्मण जातीची गुरे क्वीन्सलंडमध्ये आणण्यात आली. ही ब्राह्मण जात म्हणजे अमेरिकेत घडविलेली, पण मुळात भारतीय रक्ताची. कांकरेज, ओंगोल, गीर आणि आपल्या दक्षिण महाराष्ट्राच्या सीमेवरील कृष्णाकाठची गुरे यांच्या संकरातून ती निर्माण झाली. वशिंडाच्या गुरांवर गोचीड कमी टिकतात हे पशुपालकांना दिसत होतेच. शास्त्रज्ञांनी ते मोजून दाखविले. गोचिडांची पिले मोजून अंगावर सोडली असता, वशिंडाच्या रोधक जनावरावर शंभरांपैकी एखाददुसरेच पूर्ण वाढते, तर युरोपीय गुरांवर त्याच्या कितीतरी पट वाढतात.

पुढे १९५० नंतरच्या दशकात तेथील संशोधन संस्थेने पाकिस्तानातून साहिवाल व तांबड्या सिंधी जातीची गुरे आणून त्यांचा जर्सीशी संकर केला आणि त्यातून 'ऑस्ट्रेलियन मिल्किंग झेबू' ही दुभती जात तयार केली. आपणही जर्सीचा संकर केला. मग त्यांच्या व आपल्या कामात फरक कोठे पडला? त्यांनी तरुण वळूंना प्रथम उन्हात व गोचिडांत तावून सुलाखून घेतले. जे उष्णता सोसतात व ज्यांच्या अंगावर गोचीड टिकत नाहीत असेच वळू पुढे दुधाच्या परीक्षेस ठेवले. आपल्याकडे रेतनासाठी वळू निवडताना प्रामुख्याने त्याच्या मातेचे दूध आणि तो स्वतः काही ठराविक रोगांपासून मुक्त आहे की नाही, हे पाहिले जाते. दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. परंतु त्या वळूच्या मातेच्या अंगावर दहा गोचीड असत की दोनशे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. एका वळूच्या रेतापासून हजारो कालवडी जन्मास येतात. त्याच्यात गोचिडांविषयी कमजोरी असेल, तर ती त्या हजारो गोठ्यांत पोचते, आणि तिचा खर्च शेतकरी औषधाच्या दुकानात भरीत राहतो.

आता जनुकांच्या शोधाविषयी. जनावराच्या अंगावर गोचीड का टिकत नाहीत, याचे एकच एक कारण नाही. आखूड, गुळगुळीत व चकचकीत केसांत पिलांना थारा मिळत नाही. पहिल्या काही वेळा गोचीड चावल्यानंतर रोधक जनावराची कातडी त्यांच्या लाळेला ओळखू लागते. चावल्याजागी खाज सुटते, जनावर ती जागा चाटते, अंग घासते, आणि बरीचशी पिले पहिल्या दिवसभरातच गळून पडतात. कातडी, केस, रक्तातील पेशी, चाटण्याची सवय, इतक्या गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे एकाच जनुकाचा खेळ असणे कठीणच. क्वीन्सलंडमधील बेलमाँट येथील केंद्रात हिअरफोर्ड व शॉर्टहॉर्न या निव्वळ युरोपीय जातींच्या संकरातून, केवळ गोचिडांच्या मोजणीवर निवड करीत, 'अ‍ॅडाप्टॉर' नावाची रोधक गुरे तयार झाली. तेव्हा तीत एखादे प्रबळ जनुक असावे, असा शास्त्रज्ञांना संशय आला होता. परंतु पुढे साऱ्या गुणसूत्रांचा धांडोळा घेणारे जे अभ्यास झाले, त्यांत या गुणावर थोडाथोडा परिणाम करणारी पुष्कळ ठिकाणे सापडली. तेव्हा 'गोचीडरोधक जनुक असलेला वळू' म्हणून कोणी बाजारात रेत विकू लागला, तर ते घेऊ नये.

आफ्रिकेतील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. पश्चिम आफ्रिकेतील न्दामा ही लहान चणीची, वशिंड नसलेली गुरे त्सेत्से माशीमुळे होणारा जीवघेणा रोग सोसतात. पूर्व आफ्रिकेतील बोरान ही वशिंडाची गुरे मात्र त्याला बळी पडतात. केनियातील आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या दोहोंचा संकर करून त्यांच्या नातवंडांच्या पिढीतील १७७ जनावरे तपासली व २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोगसहनाशी संबंध असलेली ठिकाणे १८ गुणसूत्रांवर आढळली. त्याहून विशेष म्हणजे, त्यांतील काही ठिकाणी उपकारक वारसा रोगास बळी पडणाऱ्या बोरानकडून आला होता! दुबळ्या ठरविलेल्या जातीतही मोलाचे दाणे विखुरलेले असतात, हे त्यावरून दिसून आले. आणि ही ठिकाणे सापडली कशी? प्रत्येक जनावराच्या रक्ताचे प्रमाण, वजन व रक्तातील परोपजीवींची संख्या यांच्या १६ प्रकारच्या नोंदी महिनोन् महिने ठेवल्या होत्या म्हणून.

माझ्या म्हणण्याचे मर्म येथेच आहे. चिप आपल्याला अक्षरे वाचून दाखविते. त्या अक्षरांचा अर्थ ती सांगू शकत नाही. अर्थ लावण्यासाठी हजारो जनावरांची अक्षरे एका बाजूस आणि त्याच जनावरांच्या अंगावरील गोचिडांची मोजणी दुसऱ्या बाजूस ठेवून त्यांची सांगड घालावी लागते. अशा नोंदी असलेल्या जनावरांच्या समूहास संदर्भ-कळप म्हणतात. दुधाच्या बाबतीत आपण तो उभारू लागलो आहोत. गोचिडांच्या बाबतीत गावागावांतील गोठ्यांची नोंद नसेल, तर उत्तमातील उत्तम चिप घेऊनही आपण निरक्षरासारखे पोथी उलटीत बसू.

येथे कोणी म्हणेल, गोचीड लागणे न लागणे हा गोठ्याच्या स्वच्छतेचा व नशिबाचा भाग आहे, त्यात वंशाचा संबंध किती? उष्ण प्रदेशातील गुरांच्या मोजण्यांवरून असे आढळते की, सारख्याच परिस्थितीत असलेल्या जनावरांमध्ये गोचिडांच्या संख्येत जो फरक पडतो, त्याचा बराच मोठा भाग, अनुकूल अभ्यासांत जवळजवळ एक-तृतीयांश, वंशपरंपरेने आलेला असतो. दुधाच्या उत्पादनातील वंशपरंपरेचा वाटाही साधारण याच मापाचा आहे. दुधासाठी निवड करून गाई सुधारतात हे आपण मान्य करतो. मग गोचिडांबाबत ते अशक्य मानण्याचे कारण नाही.

अर्थात चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. समजा, कळपाच्या सरासरीपेक्षा ६० गोचीड कमी बाळगणारा वळू आपण निवडला. त्या फरकाचा एक-तृतीयांश, म्हणजे २० गोचीड, वंशाचा समजू. आणि वासरास पित्याकडून निम्माच वारसा मिळतो. तेव्हा त्याच्या कालवडींच्या अंगावर सरासरीने १० गोचीड कमी राहतील. एका पिढीत एवढेच. गाईची पिढी चार-पाच वर्षांची, म्हणून काम सावकाश चालते. जनुक-चाचणीचा खरा उपयोग आहे तो याच जागी. संदर्भ-कळप एकदा सिद्ध झाला की वळू मोठा होऊन गोचिडांत वावरेपर्यंत थांबावे लागत नाही. जन्मलेल्या खोंडाच्या केसांवरूनच त्याच्याविषयी बराचसा अंदाज बांधता येतो, आणि निवडीत गेलेली वर्षे वाचतात.

'देशी गाय म्हणजे रोगाला दाद न देणारी गाय' ही घोषणा अलीकडे फार ऐकू येते. तीत सत्यांश आहे. एडिंबरो येथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साहिवाल व होल्स्टीन वासरांना थायलेरियाची लागण सारख्या प्रमाणात करण्यात आली. साहिवाल वासरे सौम्य आजारातून औषधावाचून सावरली, होल्स्टीन वासरांचा आजार तीव्र झाला. परंतु साहिवालवरून खिल्लारविषयी, किंवा खिल्लारवरून देवणीविषयी निष्कर्ष काढणे शास्त्रास धरून नाही. आपल्या राज्यात डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ, खिल्लार आणि २०१८ साली नोंदणी झालेली कोकण कपिला असे वेगवेगळ्या हवामानात घडलेले गोवंश आहेत. इगतपुरी-अकोल्याच्या धो धो पावसात वावरणाऱ्या डांगीच्या कातडीतून तेलकट द्रव स्रवतो व पावसाचे पाणी तिच्या अंगावर ठरत नाही, हे प्रसिद्ध आहे. गोचिडांना तो द्रव कितपत मानवतो, हे मोजूनच ठरविले पाहिजे. शिवाय एकाच जातीच्या एकाच गोठ्यातील दोन सख्ख्या बहिणींतही फरक असतो. परोपजीवींचा साधारण नियमच असा आहे की कळपातील थोडीच जनावरे बहुतेक गोचीड पोसतात. ती जनावरे कोणती, हे गुराख्याला माहीत असते. कागदावर मात्र ते कोठेच नसते.

तेव्हा मोजणी कशी करावी, हे थोडे विस्ताराने सांगतो. जनावराच्या अंगावरील सर्व गोचीड मोजण्याची आवश्यकता नाही. शरीराची एकच बाजू पाहावी, आणि रक्त पिऊन तुरीच्या दाण्याएवढ्या फुगलेल्या, म्हणजे साधारण ४.५ ते ८ मिलिमीटर लांबीच्या माद्याच मोजाव्यात. येणाऱ्या संख्येची दुप्पट करावी. निळसर गोचीड पिलू असल्यापासून सुमारे तीन आठवडे त्याच जनावरावर काढतो, आणि अशा टपोऱ्या माद्या दिवसभरात गळून पडण्याच्या बेतात असतात. म्हणून त्यांची संख्या हे जनावराच्या रोधकतेचे चांगले माप ठरते. कानाच्या आत, गळ्याखालच्या पोळीवर, पुढच्या पायाच्या काखेत, कासेवर, मांडीच्या आतल्या बाजूस व शेपटीच्या मुळाशी बोटे फिरवून पाहावे. नुसत्या नजरेवर भिस्त ठेवू नये. मोजणी सकाळी, गुरे चरावयास सोडण्यापूर्वी करावी. सरावलेल्या माणसास एका जनावरामागे काही मिनिटे पुरतात.

यात काही पथ्ये पाळली नाहीत तर सारी मेहनत वाया जाईल. तुलना एकाच कळपातील, एकाच दिवशी मोजलेल्या जनावरांचीच करावी; एका गावच्या गाईची दुसऱ्या गावच्या गाईशी तुलना म्हणजे दोन वेगळ्या शेतांतील उतारा एकाच पावतीवर दाखविणे होय. औषध फवारल्यानंतर लगेच मोजू नये. कोणते औषध केव्हा मारले, ते नोंदीत लिहावे. दुभत्या गाईंवर व हडकलेल्या जनावरांवर गोचीड अधिक असतात, म्हणून वय, वेत, गाभण की भाकड आणि शरीराची स्थिती यांची नोंद अवश्य करावी. एका मोजणीवर निर्णय न देता निदान तीन वेळा, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने मोजावे. ज्या वासराने गोचीड पाहिलेच नाहीत, त्याची रोधकता अद्याप जागी झालेली नसते. सबब वर्षाच्या आतील वासरे या मोजणीतून वगळावीत.

आपल्या जनावरांच्या कानांत आता बारा अंकी बिल्ला आहे. त्याच्या आधारे रेतन व लसीकरण यांच्या नोंदी होतात. त्याच क्रमांकापुढे गोचिडांची संख्या लिहिण्याची सोय व्हावी आणि वळूच्या निवडीत मातेच्या दुधाबरोबर तिचाही विचार व्हावा, अशी माझी खात्यास विनंती आहे. तशी सोय होईतो साध्या वहीत नोंद ठेवावी. ती वहीसुद्धा पुढे संदर्भ-कळपाच्या कामी येईल, बिल्ल्याचा क्रमांक मात्र अचूक लिहिलेला असावा.

या कामाने आज कोणाचा गोठा गोचीडमुक्त होणार नाही, हे खरे आहे. भिंतींच्या भेगा बुजविणे, गोठा कोरडा ठेवणे, औषध सांगितलेल्या प्रमाणात मारणे व औषधाचा गट पशुवैद्यकाच्या सल्ल्याने बदलणे ही कामे चालूच ठेवावयाची आहेत. पण ज्या दोन-तीन जनावरांवर दर खेपेस सर्वांत अधिक गोचीड आढळतात, त्यांच्यावर औषधाचा भर देता येतो आणि त्यांची वासरे पैदाशीसाठी ठेवावयाची किंवा नाहीत याचा विचार करता येतो. इतका लाभ तर मोजणीच्या पहिल्याच वर्षी पदरात पडतो.

शेवटी एक विनंती खोंडांविषयी. पुष्कळ गावांत चांगल्या खोंडाचे खच्चीकरण बैलासाठी लवकर उरकले जाते. ज्या गोठ्यात दूधही बरे आहे व मोजणीत गोचीडही सातत्याने कमी आढळले आहेत, त्या गोठ्यातील खोंडाचे खच्चीकरण त्याची आई व बहिणी यांची तिसरी मोजणी पुरी होईपर्यंत लांबणीवर टाकावे, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास त्याची माहिती द्यावी. पहिली मोजणी पाऊस ओसरताच, गोचीड वाढू लागण्याच्या सुमारास हाती घेता येईल.